एकहाती मध्ययुगीन कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेम : कामांचा क्रम आणि तो चुकण्याच्या जागा

मध्ययुगीन धाटणीचा कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेम एकट्याने करायला घेतलेली बहुतेक कामे अर्ध्यावर पडतात आणि ती पडण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. जगाचा नकाशा तयार असतो, सात राज्यांच्या वंशावळी लिहून झालेल्या असतात, नायकाच्या चिलखतावरची नक्षीसुद्धा पूर्ण झालेली असते. मात्र एक लढाई सुरू होऊन संपते, तिच्यातून काहीतरी हाती लागते आणि गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर ते जागच्या जागी सापडते, एवढे साधे चक्र कुठेच चालत नसते. असे अर्धवट प्रकल्प पाहिले तर करणाऱ्याची तयारी चांगली असते, क्रम मात्र उलटा लागलेला असतो. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. उदाहरणे द्विमितीय गेमची आहेत. त्रिमितीय गेमलाही क्रम हाच लागू पडतो, फक्त प्रत्येक आकडा मोठा होतो.

## टप्पा १ : आवाका आकड्यांत मांडा

पहिल्या दिवशी कथा लिहू नये, हिशेब मांडावा. या प्रकारच्या गेममध्ये काम बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते, आणि हे कागदावर आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. एक साधा शत्रू घ्या. तो वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार दिशांना वळतो. चालण्याच्या ४, हल्ल्याच्या ४ आणि मार बसल्याच्या २ अशा १० फ्रेम (हालचाल दाखवणारी एकामागून एक येणारी चित्रे) धरल्या, तर एका शत्रूची ४० चित्रे होतात. वीस प्रकारचे शत्रू म्हणजे ८०० चित्रे. नायकाने घातलेले चिलखत अंगावर दिसावे असे ठरवले आणि चिलखते सहा असली, की एकट्या नायकाचीच २४० चित्रे झाली. हातातली शस्त्रे त्यात अजून आलेलीच नाहीत.

डावीकडचे चित्र आरशातल्यासारखे उलटवून उजवीकडे वापरले तर चाळीसची तीस होतात. पण तसे केल्यावर उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते आणि ढाल उजवीकडे येते. लांडग्याच्या किंवा चिखलराक्षसाच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षात येणार नाही. ढालवाल्या सरदाराच्या बाबतीत येईल. ही तडजोड चालणार की नाही, याचा निर्णय याच टप्प्यावर लिहून ठेवावा.

हाच हिशेब गावे, संवाद आणि क्वेस्ट (नायकावर सोपवलेल्या कामगिऱ्या) यांचाही करावा आणि मग छाटणी करावी. माझ्या मते सर्वांत आधी छाटायची गोष्ट म्हणजे वस्तू बनवण्याची यंत्रणा, म्हणजे क्राफ्टिंग. तिला स्वतःचा पडदा, स्वतःची साहित्याची यादी आणि स्वतंत्र समतोल लागतो, आणि ती नसली म्हणून गेम अपुरा वाटत नाही. त्यानंतर अंगावर दिसणारी चिलखते, निवडता येणाऱ्या अनेक वंशजाती आणि खुले जग यांचा विचार करावा. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळण्याची सोय यादीत असेल, तर ती आजच खोडावी.

तपासणी : शत्रू किती, ठिकाणे किती, बोलणारी पात्रे किती, क्वेस्ट किती आणि एकदा खेळून संपवायला लागणारे तास किती, हे पाच आकडे एका पानावर लिहिलेले आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : इंजिन निवडा आणि आवृत्ती गोठवा

इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते तयार सॉफ्टवेअर. त्याच्या निवडीवर लोक महिनोन्‌महिने घालवतात. एवढा वेळ देण्याजोगे त्यात काही नाही. गोडो हे इंजिन एमआयटी परवान्याखाली खुले असल्यामुळे त्यावर रॉयल्टी नाही. अनरिअल या इंजिनमध्ये एका गेमचे एकूण उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर त्यावरील रकमेवर रॉयल्टी लागू होते. युनिटी या इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेम किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द केले. यातून घ्यायचे ते एवढेच, की परवान्याच्या ज्या अटी मान्य करून काम सुरू केले त्यांची प्रत तारखेसह जपून ठेवावी. पाळीपाळीने चालणाऱ्या लढाया आणि ठरावीक मांडणी चालणार असेल, तर आरपीजी मेकरसारख्या साधनात निम्मी यंत्रणा आयती मिळते. तिथे अडचण येते ती आयत्या चौकटीबाहेर जायचे ठरवल्यावर.

गेम देवनागरीत करायचा असेल, तर पहिल्याच दिवशी एक वाक्य पडद्यावर उमटवून पाहावे. बिटमॅप फाँट, म्हणजे प्रत्येक अक्षराचे तयार चित्र असलेले फाँट, अक्षराला अक्षर जोडून मजकूर लावतात आणि त्यात जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून अशा लिप्यांची जुळणी इंजिनच करते. आधीच्या आवृत्त्यांत ती सोय नव्हती.

सावधान : काम सुरू झाल्यावर इंजिनची मोठी नवी आवृत्ती आली, तर सध्याच्या आवृत्तीतला एखादा दोष खरोखर वाट अडवत असल्याखेरीज बदल करू नये.

## टप्पा ३ : प्रती ठेवण्याची व्यवस्था

पहिली ओळ लिहिण्याआधी गिट, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, सुरू करावे. चित्रे आणि ध्वनी यांच्या मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस हा गिटचा जोडभाग सुरुवातीपासून जोडावा, कारण गिटच्या प्रती ठेवणारी गिटहब ही सेवा १०० एमबीपेक्षा मोठी फाइल साध्या मार्गाने स्वीकारत नाही आणि ती एकदा इतिहासात शिरली की तिथून उपसून काढणे कटकटीचे असते. एक प्रत घराबाहेर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर असावी. रंगकामाच्या मूळ फाइलीही याच व्यवस्थेत याव्यात. केवळ निर्यात केलेली चित्रे ठेवली आणि थर असलेली मूळ फाइल हरवली, तर साध्या रंगबदलासाठी सगळे पुन्हा काढावे लागते.

## टप्पा ४ : साध्या चौकोनांचा प्रोटोटाइप

आता गेम सुरू होतो, पण चित्रांविना. नायक हा निळा चौकोन, शत्रू लाल, पेटी पिवळी. या चौकोनांत एक पूर्ण चक्र चालले पाहिजे : सुरक्षित जागेतून बाहेर पडणे, एक लढाई, तिच्यातून मिळालेली वस्तू, ती वापरून झालेला बदल, आणि परत येणे. एवढे चक्र दहा वेळा खेळूनही अकरावी फेरी करावीशी वाटत असेल, तरच चित्रांचा विचार करावा. चौकोनांत कंटाळवाणी वाटणारी लढाई सुंदर चित्रांनी काही दिवस बरी वाटते आणि मग पुन्हा कंटाळवाणीच होते.

याच टप्प्यात इन्व्हेंटरीचा, म्हणजे नायकाजवळच्या वस्तूंचा, पडदा कच्च्या स्वरूपात उभा करावा. कामाचा अंदाज बांधताना सगळेच या पडद्याला विसरतात. वस्तू उचलणे, एका ढिगातून काही बाण वेगळे काढणे, अंगावरचे चिलखत आणि हातातले चिलखत यांची तुलना दाखवणे, भरलेल्या पिशवीत नवी वस्तू आल्यावर काय करायचे ते ठरवणे, आणि हे सगळे माउसशिवाय केवळ कंट्रोलरने करता येणे, अशी ती कामांची माळ आहे. कंट्रोलरची सोय शेवटी जोडू म्हटले, तर जवळपास प्रत्येक पडदा नव्याने बांधावा लागतो. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राचा पडदा १२८० × ८०० पिक्सेलचा आणि हातात मावणारा आहे. मोठ्या मॉनिटरवर नीट दिसणारी वस्तूंची वर्णने तिथे वाचता येत नाहीत, त्यामुळे अक्षरांचा आकार आत्ताच त्या मापाने तपासावा.

तपासणी : माउस बाजूला ठेवून, केवळ कंट्रोलरने, गेम उघडण्यापासून एक लढाई जिंकून मिळालेली तलवार हाती घेईपर्यंत सर्व करता येते का?

## टप्पा ५ : सेव्ह व्यवस्था, मजकूर भरण्याच्या आधी

सेव्ह, म्हणजे खेळाडूची प्रगती साठवण्याची सोय, शेवटी करू, हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा बेत आहे. जग जेवढे मोठे होते तेवढी लक्षात ठेवायची स्थिती वाढते, आणि तोपर्यंत ती कोडभर विखुरलेली असते. म्हणून एक पेटी, एक दार आणि एक शत्रू एवढ्यावरच सेव्ह पूर्ण करावे. ते करताना पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

१. प्रत्येक वस्तूला, पात्राला आणि पेटीला कायमचे मजकुरी नाव द्यावे, उदाहरणार्थ «तलवार_लोखंडी» किंवा «पेटी_बुरूज_०२». यादीतला क्रमांक ओळख म्हणून वापरू नये. आज सतरावी असलेली तलवार उद्या यादीत मध्येच एक भाला घातल्यावर अठरावी होते, आणि जुन्या सेव्हमधल्या खेळाडूच्या हातात अचानक भाकरी येते.

२. सगळे जग साठवू नये, केवळ मूळ स्थितीपेक्षा वेगळे झालेले साठवावे : कोणती पेटी उघडली, कोण मेले, कोणते दार मोडले. यामुळे नंतर एखाद्या गावात नवे घर घातले तरी जुन्या सेव्हमध्येही ते दिसते.

३. प्रत्येक सेव्हच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक लिहावा. रचना बदलली की पहिल्या आवृत्तीचे दुसरीत, दुसरीचे तिसरीत असे रूपांतर करणारी लहान फंक्शने लिहीत जावीत. सर्व जुन्या आवृत्त्यांवरून थेट आजच्या आवृत्तीवर उडी मारणारे एकच फंक्शन चारपाच बदलांनंतर कोणालाच सुधारता येत नाही.

४. फाइल लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी, ती वाचता येते याची खात्री करावी आणि मगच तिला मूळ नाव द्यावे. थेट जुन्या फाइलवर लिहिताना वीज गेली, तर जुने आणि नवे दोन्ही जाते. मागच्या दोनतीन प्रती आपोआप जपाव्यात.

५. फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जावी, गेम इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये जाऊ नये. तिथे लिहिण्याची परवानगी असेलच असे नाही, आणि गेम काढून पुन्हा टाकल्यावर प्रगती पुसली जाते.

सावधान : आपोआप होणारे सेव्ह लढाईच्या मध्यात किंवा नायक दरीत पडत असताना होऊ देऊ नये. मरणाच्या अर्धा सेकंद आधी साठवलेला खेळ कितीही वेळा उघडला तरी तिथेच मरतो.

तपासणी : साठवा, बंद करा, उघडा, पुन्हा साठवा. दोन्ही फाइली, वेळेची नोंद वगळता, अक्षर न्‌ अक्षर सारख्या असल्या पाहिजेत.

## टप्पा ६ : आकडे कोडबाहेर काढा आणि लढाईचे गणित आधी तक्त्यात सोडवा

शत्रूंचे बळ, वस्तूंच्या किमती, अनुभवाचे गुण हे सर्व वेगळ्या डेटा फाइलींमध्ये असावे, म्हणजे समतोल साधताना कोडला हात लावावा लागत नाही. त्यानंतर स्प्रेडशीट उघडावी आणि लढाईचे सूत्र तिथे पडताळावे.

सर्वांत सोपे सूत्र म्हणजे हल्ल्यातून बचाव वजा करणे, आणि बहुतेक जण तेच घेतात. शत्रूचा बचाव १० आणि नायकाचा हल्ला १२ असेल, तर इजा २ होते. नायकाला जरा बरी तलवार मिळून हल्ला १४ झाला की इजा ४ होते. हल्ला दोन अंकांनी वाढला आणि लढाई निम्म्या वेळात आटोपली. उलट, बचाव १४ असलेला शत्रू समोर आला तर पहिल्या तलवारीने काहीच इजा होत नाही. लहान आकड्यांच्या, मोजक्या शस्त्रांच्या गेममध्ये हे सूत्र चालते, कारण तिथे प्रत्येक जोडी हाताने तपासता येते. शस्त्रे वाढली की ते हाताबाहेर जाते. हल्ल्याच्या वर्गाला हल्ला आणि बचाव यांच्या बेरजेने भागणे, हे सूत्र घेतले तर त्याच उदाहरणात इजा सुमारे ६.५ वरून ८.२ होते, म्हणजे साधारण एक चतुर्थांशाने वाढते, आणि ती कधीही शून्यावर येत नाही.

आरोग्याचे, म्हणजे कोण किती इजा सोसून पडतो याचे, आकडे सुचतील तसे टाकू नयेत. आधी किती घावांत कोण पडावे ते ठरवावे, उदाहरणार्थ साधा शत्रू तीनचार घावांत आणि टोळीचा म्होरक्या दहा घावांत, आणि तिथून उलट्या दिशेने आरोग्य काढावे. वरच्या सूत्राने साडेसहा इजा होत असेल, तर चार घावांत पडणाऱ्या लांडग्याचे आरोग्य २० ते २६ यांच्या दरम्यान येते. त्याच लांडग्याला ३० आरोग्य दिले की पाच घाव लागतात, आणि प्रत्येक फुटकळ लढाई किंचित लांबून पूर्ण गेम रटाळ होतो.

नेम लागण्याची शक्यता ठेवली असेल, तर खेळाडू ९० टक्के म्हणजे हमखास असे वाचतो हे लक्षात घ्यावे. प्रत्यक्षात ९० टक्क्यांचे पाच वार सलग लागण्याची शक्यता सुमारे ५९ टक्केच असते. दर चारपाच लढायांत दोनदा तरी ‘गेम फसवतो’ अशी तक्रार येणार, ती सूत्रातला दोष नसून अपेक्षेतला आहे. छोट्या गेममध्ये मी तर वार चुकण्याची सोय ठेवूच नये असे म्हणेन.

पुढच्या लेव्हलला लागणारा अनुभव दर वेळी दीडपट करण्याची सवयही तपासून पाहावी. पहिल्या लेव्हलला १०० गुण धरले तर विसाव्या लेव्हलला सुमारे २ लाख २१ हजार लागतात. शत्रूंपासून मिळणारे गुण त्याच वेगाने वाढत नसतील, तर खेळाडू बाराव्या-तेराव्या लेव्हलवर खिळून बसतो.

वजनावर चालणारी पिशवी ठेवायची असेल, तर वजने वास्तवाच्या जवळ ठेवणे हिताचे असते. एका हाताने चालवायची मध्ययुगीन तलवार साधारण १ ते १.५ किलोची असे आणि पंधराव्या शतकातले अंगभर पोलादी चिलखत साधारण १५ ते २५ किलोचे. तलवारीला आठ किलो देण्याची चूक सर्रास दिसते. मग खेळाडू तीन तलवारींत वाकतो आणि चिलखत त्यामानाने हलके ठरून सगळे त्याच्याकडेच धावतात.

तपासणी : दुकानातून विकत घेता येणाऱ्या वस्तूंपासून काही बनवून किंवा दुसऱ्या गावात विकून नफा होतो का, ते तक्त्यात शोधावे. एकही अशी साखळी उरली असेल, तर खेळाडूंना ती पहिल्या दिवशी सापडेल.

## टप्पा ७ : क्वेस्टची रचना

एकहाती गेममध्ये सर्वाधिक बग इथे जन्माला येतात, म्हणून या टप्प्यावर घाई नको. एक साधी क्वेस्ट घेऊ. गावच्या लोहाराचा मुलगा जुन्या बुरुजात अडकला आहे. लोहार नायकाला सांगतो, नायक ओढ्याकाठच्या लुटारूंकडून किल्ली मिळवतो, दार उघडतो, मुलाला आणतो, लोहार ढाल बक्षीस देतो.

नवखा माणूस याच्या पायऱ्या करतो : पायरी १ बोलणे, पायरी २ किल्ली, पायरी ३ दार, आणि एका आकड्यात चालू पायरी साठवतो. खेळाडू मात्र पायऱ्यांनी चालत नाही. तो गावात जाण्याआधी ओढ्यावर जातो, लुटारूंना मारतो आणि किल्ली कशाची ते माहीत नसताना ती खिशात टाकतो. ‘किल्ली मिळाली’ ही घटना घडून गेली, तेव्हा क्वेस्ट सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे पुढे लोहाराशी बोलल्यावर गेम किल्लीची वाट पाहत बसतो आणि ती तर केव्हाच मिळालेली असते. दुसरा खेळाडू ती किल्ली दोन नाण्यांना विकून टाकतो. तिसरा लोहारालाच मारतो. चौथा मुलाला आधी सोडवतो आणि त्याला सोबत घेऊन लोहारासमोर उभा राहतो, तर लोहार त्याच मुलाकडे पाहत ‘माझा मुलगा हरवला हो’ म्हणून रडतो. पाचव्याची पिशवी भरलेली असल्यामुळे बक्षिसाची ढाल हवेत विरते.

यावर उपाय असा, की पायरीचा आकडा साठवायचा नाही, जगातली तथ्ये साठवायची : किल्ली नायकाकडे आहे का, दार उघडे आहे का, मुलगा जिवंत आहे का आणि कुठे आहे, लोहार जिवंत आहे का, लोहाराने सांगितले आहे का, बक्षीस दिले आहे का. क्वेस्ट कोणत्या अवस्थेत आहे हे दर वेळी या तथ्यांवरून काढायचे. किल्ली आधीच जवळ असेल, तर लोहार बोलताच क्वेस्ट आपोआप दाराच्या अवस्थेवर येते, त्यासाठी वेगळा कोड लागत नाही.

त्यानंतर प्रत्येक क्वेस्टचा एक तक्ता करावा. आडव्या ओळींत अवस्था, उभ्या रकान्यांत घडू शकणाऱ्या घटना. लोहाराच्या क्वेस्टला सहा अवस्था आणि पाच घटना धरल्या, तर तीस चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत काय होईल ते लिहावे. ‘काही होत नाही’ हे उत्तर चालते, रिकामी चौकट चालत नाही. काही चौकटी लिहिताना असे वाटेल, की एवढे सांभाळण्यापेक्षा लोहाराला मारताच येऊ नये. तसेच करावे. क्वेस्टच्या वस्तू विकता किंवा फेकता येऊ नयेत, हा नियमही बहुतेक गेममध्ये खपून जातो आणि दर क्वेस्टमागे पाचसहा चौकटी वाचवतो.

निवडींच्या परिणामांबाबत हात आखडता घ्यावा. हो किंवा नाही अशा दहा स्वतंत्र निवडी एकमेकींत गुंतल्या, तर १,०२४ स्थिती संभवतात आणि त्या एकट्याने तपासून होत नाहीत. दोन किंवा तीन निवडी दूरवर पोहोचाव्यात, बाकीच्यांचे पडसाद त्याच गावात, त्याच संवादात मिटावेत.

संवादांचा मजकूर कोडमध्ये लिहू नये, भाषांतरासाठी खुणेची नावे वापरून तो वेगळ्या फाइलीत ठेवावा. वाक्ये तुकडे जोडूनही बनवू नयेत. ‘तुला’ अधिक संख्या अधिक वस्तू अधिक ‘मिळाला’ अशी जोडणी केली, की ‘तुला ३ तलवारी मिळाला’ असे काहीतरी पडद्यावर येते. संवादांच्या फांद्या सांभाळण्यासाठी इंक किंवा यार्न स्पिनर यांसारखी खुली साधने आहेत. स्वतःचा संवादसंपादक बांधायला बसणे हा काम टाळण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग आहे.

सावधान : तक्ता भरून झाल्याखेरीज दुसरी क्वेस्ट लिहायला घेऊ नये.

## टप्पा ८ : एक तुकडा पूर्ण तयार करा आणि वेळ मोजा

आता साधारण अर्ध्या-एक तासाचा खेळ पूर्ण दर्जाने करावा : एक गाव, एक रानवाट, एक तळघर, एक बॉस (मुख्य बलाढ्य शत्रू), अंतिम चित्रे, अंतिम ध्वनी, मेनू, सेव्ह, सर्व काही. तो करताना कशाला किती तास लागले याची नोंद ठेवावी. नंतर टप्पा १ मधले पाच आकडे पुढे घेऊन गुणाकार करावा. एका शत्रूला सोळा तास लागले आणि वीस शत्रू ठरवले आहेत, तर शत्रूंचेच ३२० तास झाले. आठवड्याला दहा तास मिळत असतील तर बत्तीस आठवडे केवळ त्यांना लागतील.

हा गुणाकार पाहून बहुतेकांचा आवाका निम्म्यावर येतो. तो याच टप्प्यावर यावा हे बरे, कारण आत्ता वगळलेल्या गावावर अजून एक पिक्सेलही खर्च झालेला नाही. गेम तीस तासांचा असलाच पाहिजे असा नियम नाही. सहा तासांत संपणारा गेम लोक शेवटपर्यंत खेळतात.

## टप्पा ९ : चित्रे, ध्वनी आणि परवाने

रंगांची एक ठरावीक पट्टी, एकच पिक्सेल माप आणि प्रकाशाची एकच दिशा एवढे आधी ठरवावे. विकत घेतलेली किंवा मोफत मिळालेली चित्रे एकमेकांत विसंगत दिसतात ती याच तीन कारणांनी. ३२ पिक्सेलच्या नायकाशेजारी १६ पिक्सेलची घरे दुप्पट मोठी करून बसवली, की ते पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकते.

दुसऱ्याचे साहित्य वापरताना परवाना वाचावा. सीसी झिरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने) असेल तर श्रेय देणे बंधनकारक नाही. सीसी बाय असेल तर श्रेय द्यावेच लागते. ज्यात ‘एनसी’ आहे ते विक्रीच्या गेममध्ये वापरता येत नाही. आणि ‘एसए’ असेल तर त्या साहित्यात केलेले बदलही तशाच परवान्याखाली द्यावे लागतात. नियमांचा सांगाडा आयता हवा असेल, तर डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीतील ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ जानेवारी २०२३ पासून सीसी बाय ४.० खाली वापरता येते. त्या दस्तऐवजात नसलेले जग, पात्रे आणि देवता मात्र त्या परवान्यात येत नाहीत.

तपासणी : गेममधल्या प्रत्येक परक्या फाइलीसमोर मूळ ठिकाण, कर्ता आणि परवाना लिहिलेला तक्ता फाइल आत येतानाच भरावा. प्रकाशनाच्या आठवड्यात हा शोध घेता येत नाही.

## टप्पा १० : दुसऱ्याच्या हातून चाचणी

गेम पहिल्यांदाच पाहणारा माणूस एकदाच मिळतो, म्हणून सगळ्या ओळखीच्यांना एकाच वेळी बोलावू नये. दोन-दोन माणसे घ्यावीत, सुधारणा करावी आणि पुढची दोन घ्यावीत. ती खेळत असताना गप्प बसणे हे कठीण, पण आवश्यक आहे. ती कुठे थांबली, कोणता संवाद न वाचता पुढे ढकलला, कोणत्या बंद दाराला चार वेळा धडकली, हे लिहून घ्यावे. ‘कसा वाटला’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘छान’ असते. ‘आता पुढे काय करायचे आहे असे तुम्हाला वाटते’ हा प्रश्न मध्येच विचारला, तर खरी माहिती मिळते.

सुचवलेले उपाय तसेच्या तसे स्वीकारू नयेत. तिघांनी घोडा हवा असे म्हटले, तर बहुधा दोन ठिकाणांमधले अंतर जास्त आहे.

## टप्पा ११ : स्टोअर पेज, डेमो आणि प्रकाशन

स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात. गेमचे समायोजित उत्पन्न १,००० डॉलरवर गेल्यावर ते परत मिळतात. पहिल्यांदा शुल्क भरल्यापासून प्रकाशनापर्यंत किमान ३० दिवस जावे लागतात, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे खुले असावे लागते. पान आणि बिल्ड (गेमची चालवता येणारी प्रत) दोन्हींची तपासणी होते, त्यामुळे तारीख जाहीर करण्याआधी काही दिवस राखून ठेवावेत. किमान मुदतीवर विसंबून चालू नये. टप्पा ८ चा तुकडा तयार होताच पान उघडावे, म्हणजे विशलिस्ट (पुढे घ्यायचा म्हणून खेळाडूंनी केलेल्या नोंदी) जमायला महिने मिळतात.

नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो महोत्सवात एक गेम एकदाच भाग घेऊ शकतो. कच्चा डेमो घेऊन ती संधी वाया घालवू नये. डेमोतले सेव्ह पूर्ण गेममध्ये चालणार की नाही तेही डेमोच्या पहिल्या पडद्यावर सांगावे.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत खेळाडू पैसे परत मागू शकतो. तीन पिढ्यांची पूर्वपीठिका सांगणारी सुरुवात इथे महागात पडते. पहिली लढाई, पहिला उपयोगी निर्णय आणि पहिले खरे बक्षीस पहिल्या अर्ध्या तासात आले पाहिजे, आणि दोन तासांच्या आत गेमचे मुख्य वैशिष्ट्य खेळाडूच्या हाती लागले पाहिजे.

प्रकाशन शुक्रवारी करू नये, आणि त्या आठवड्यात दुसरे कोणतेही काम अंगावर घेऊ नये. पहिल्या दोनतीन दिवसांत येणाऱ्या तक्रारींची तीन ढिगांत वाटणी करावी : प्रगती पुसणारे दोष, वाट अडवणारे दोष आणि बाकी सर्व. पहिला ढीग संपेपर्यंत तिसऱ्याला हात लावू नये, मग तिथली तक्रार कितीही मोठ्या आवाजात आलेली असो. प्रत्येक दुरुस्ती बाहेर सोडण्याआधी मागील प्रत्येक आवृत्तीतले एक-एक सेव्ह, विशेषतः क्वेस्ट अर्धवट असतानाचे, उघडून पाहावे. त्यासाठी टप्पा ५ पासूनच अशा फाइलींचा एक वेगळा फोल्डर राखून ठेवावा.